एक वाक्य जास्त

रात्री पावणेदोनला फोन: मराठी येतं ना तुम्हाला? वॉर्ड तेरा.
हल शहरात मराठीची गरज वर्षातून दोनदा पडते,
त्यातली एक लग्नाच्या कागदांसाठी.

खोब्रागडे. वडील कॅराव्हॅनच्या कारखान्यातून थेट आलेले,
भुवयांवर लाकडाचा भुसा.
आई खुर्चीच्या कडेवर, बसलीय म्हणवणार नाही अशी.
पलंगावर शार्दूल, चार वर्षांचा.
नाकात नळ्या, बोटाला लाल दिवा,
आणि बरगड्यांखालची कातडी
दर श्वासाला आत ओढली जातेय,
भाता चालावा तशी. विस्तव मात्र कुठे दिसत नाही.

डॉक्टर थ्वेट सांगते, मी सांगते.
आधी साधा फ्लू. त्यानं दार किलकिलं ठेवलं,
मागून दुसरा कुणी आत शिरला.
उजवीकडे, खाली, पू साठलाय.
तोंडावाटे दिलेलं औषध तिथवर पोचलं नाही.
आता शिरेतून देऊ. बरगड्यांमधून नळी घालू,
झोपवून घालू, त्याला कळणार नाही.
'पू' म्हणताना आईकडे बघवलं नाही.

दुसरा कुणी म्हणजे कोण?
रक्त तपासायला पाठवलंय. बऱ्याचदा काहीच उगवत नाही.
नाव कळेलच असं नाही.
इंग्रजीत हे वाक्य कोट घालून आलं होतं.
मराठीत उघडंच पोचलं.

मग ती बोलू लागते, डॉक्टरशी नाही, माझ्याशी.
रविवारी केस धुतले, पुसायचे राहिले.
पायांत मोजे नव्हते. शेजारच्या पोराचं आईस्क्रीम चाटलं.
आमच्याकडे म्हणतात डबा झाला, पोट असं उडतं,
माझ्या आईनं फोनवरूनच ओळखलं होतं,
मीच म्हटलं, काहीही काय.
खोलीच्या भिंतीला काळी बुरशी आहे.
पलंग त्याच भिंतीला लावला, मीच लावला,
रेडिएटर तिकडे होता म्हणून.

वडील आपला जेवणाचा डबा
बुटानं खुर्चीखाली सरकवतात.

मी सगळं पलीकडे नेते. केस, मोजे, आईस्क्रीम.
'डबा'शी अडते, मग तो तसाच पुढे करते.
डॉक्टर बुरशी लिहून घेते. घरमालकाला पत्र देते, म्हणते.
केसांमुळे नाही. मोज्यांमुळे नाही.

दुभाष्यानं भर घालायची नसते.
प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी सांगतात: तुम्ही काच आहात.
मी म्हणाले, केसांमुळे नाही, मोज्यांमुळे नाही.
आणि म्हणाले, बाई, पलंग तुम्ही उबेसाठी लावला होता.

लांबलं वाक्य, डॉक्टर म्हणाली. काय सांगितलंत?
सांगितलं.
तिनं पेनाला टोपण लावलं, पुन्हा काढलं.
परत एकदा सांगा, म्हणाली. माझ्या नावानं.

नळीतून बाटलीत जे उतरलं ते पातळ पिठल्यासारखं होतं.
अठ्ठ्याऐंशी. एक्याण्णव. नव्वद. चौऱ्याण्णव.
घरी कधी, याचं उत्तर डॉक्टरनं दिलं नाही,
मीही दिलं नाही.

सकाळी वडिलांनी शेवटी डबा उघडला.
काय आहे? पलंगावरून आवाज, घोगरा.
भेंडी.
नको.
याचं भाषांतर कुणी मागितलं नाही.

तासांचा कागद गाडीत बसून भरला.
सुरुवात, शेवट, पार्किंग.
'काही विशेष?' या रकान्यात 'नाही' लिहिलं,
आणि हंबरवरून येणाऱ्या धुक्यात
काच आतून पुसत राहिले,
माझ्याच श्वासानं ती पुन्हा पुन्हा भरत होती.