आठशे शब्द, विनोदी

दिवाळी अंकाचा विनोद मे महिन्यातच मागतात,
म्हणून कूलरसमोर बसून लिहिते:
बाई आरशात बघते तेव्हा तिला दिसतात
एक दंड, एक हनुवटी, गालावरचा वांग.
बाप्या बघतो तेव्हा त्याला दिसतो
अख्खा माणूस, तोही सव्वीस वर्षांचा.

इथे धरमपेठेतल्या बायका हसतील.

पुढे लांजेवारांना घेतलं.
नवराच, पण लेखात आडनावानं.
पोटाला ते खात्यापित्या घरची खूण म्हणतात.
टकलाला, "केस नाही गेले वं, कपाळ वाढलं."

स्वतःलाही सोडलं नाही:
सत्तेचाळीस डिग्रीत बर्डीच्या सिग्नलला
दुपट्ट्यात गुंडाळलेली मी, नुसते डोळे उघडे,
अन् एकजण वळून वळून पाहतो.
शंकरनगरपर्यंत मान ताठ.
तिथं कळलं, गाडीचं स्टँड वर केलेलंच नव्हतं.

सातशे चाळीस शब्द झाले.
पाणी प्यायला उठले
तर बेसिनपाशी लांजेवार, दिवा न लावता,
ओल्या बोटांनी सात-आठ केस
या कानावरून त्या कानाकडे नेत होते,
काही सांडू नये तसे.
मला पाहून म्हणाले, "भलतं गरम होऊन राहिलं."
मी "हो" म्हटलं. कूलरमध्ये पाणी टाकलं.

मग कपाळाचं वाक्य खोडलं
अन् त्या जागी माझ्या हनुवटीवरचा तो एक केस लिहिला,
जो मी बाल्कनीच्या उजेडात चिमट्यानं काढते
आणि कुणी आलं की
कुंडीतलं तण काढतेय असं दाखवते.

शब्द कमीच भरले.
म्हणून पोट थोडं वाढवलं.
ते त्यांना आवडतं.