जरा खाली

बोगोताच्या लष्करी इस्पितळात विचारतात :
शून्य ते दहा, किती?
एलिएसेर छताकडे बघतो.
"सहा," म्हणतो. दर वेळी सहाच.
पाच म्हटलं तर गोळ्या कमी होतात,
सात म्हटलं तर गुंगीच्या वाढवतात
आणि मग त्याला सायकलीचे आरे दोन-दोन दिसतात.

परतीच्या बसमध्ये, चार तास,
खिडकीला डोकं टेकून मला खरं सांगतो :
सकाळी नुसती ठसठस होती,
तपासणीच्या खोलीत ठणका,
आता पोळतंय, अंगठ्याच्या नखाखाली, चुना लागल्यागत.
ते नख
अकरा वर्षांपूर्वी काकेताच्या एका पायवाटेवर राहिलं.
बुटासकट.

मी वही ठेवते. शाळेची, चौकटीची.
आकडा लिहीत नाही.
लिहिते : कळ. साडेतीनला, चुलीपाशी उभा असताना.
सणक. डोंगरावरून धुकं उतरायच्या आधी.
मुंग्या. त्याच्या आईचा फोन येऊन गेल्यावर.
एका गुरुवारी : काही नाही.
त्याच्याखाली मी दोन रेघा ओढल्यात.

हिमेनाबाईंनी आरसा शिकवला.
दोन्ही मांड्यांच्या मधोमध उभा धरायचा,
हलवायचा उजवा, बघायचा डावा.
मी कपाटाचं दारच उचकटून आणलं.
पहिल्यांदा त्यात बघून तो हसला,
मग आरशाला म्हणाला, "कुठे होतास रे?"
आणि वळलेली बोटं सोडवली, एकेक, पाचच्या पाच.
रोज वीस मिनिटं.
कपाट अजून बिनदाराचं आहे,
माझे झगे आल्यागेल्याला पाठ झालेत.

दुकान खालीच. दुइतामात ज्याला त्याला सायकल.
पोरं येतात, गियर अडकतो म्हणून,
घाट झेपत नाही म्हणून.
साखळीला तेल देत तो सांगतो,
घाट काही कमी होत नसतो बाबांनो,
दात बदलायचे.
आणि वर बघायचं नाही,
पुढच्या चाकाच्या हातभर पुढे बघायचं.
स्वतः चाळीस मिनिटं काम करतो, दहा मिनिटं आडवा,
गजर लावून.
आधी लाज वाटायची.
आता गिऱ्हाईकच म्हणतं, वाजलं बघा, पडा.

पेन्शनच्या कागदावर शिक्का आहे : जखम बरी.
खोटं नाही ते.
हात लावून बघा, गुळगुळीत,
नदीतल्या गोट्यासारखी.

रात्री दोनला मला उठवतो.
टाचेला खाज सुटलीय.
पहिली काही वर्षं मी समजूत घालायचे, अरे, टाच नाही तुला.
तो म्हणायचा, मला ठाऊक आहे, तिला सांग.

आता दिवाही लावत नाही.
पांघरुणात हात घालते, गुडघ्याच्या खाली,
जिथे चादर सपाट आहे तिथे,
चादर खाजवते.
"जरा खाली," तो म्हणतो.
जरा खाली जाते.
"डावीकडे."
इथे?

कधी हूं म्हणतो.
कधी त्याआधीच घोरायला लागतो
आणि मी अजून थोडा वेळ खाजवत राहते,
एकदम थांबले तर उठेल म्हणून.