दोन किलो

सभासदत्वाच्या अर्जात एक रकाना होता:
आपण काय करू शकता?
मी बराच वेळ पेन चावलं.
नवऱ्याच्या व्हिसावर आलेली बाई,
सतरा वर्षं भूगोल शिकवून आता
रुवीतल्या तिसऱ्या मजल्यावर
एसीचं पाणी बादलीत धरणारी.
लिहिलं: वेळेवर येते.

टिपणीसबाईंनी दोन रियालची पावती फाडली.
म्हणाल्या, पुरे आहे,
असं माणूस नऊ वर्षांत मिळालं नव्हतं.

मंडळाचं काम एवढंच:
गावी जाणाऱ्याने आपल्या तीस किलोंतले
दोन किलो सोडायचे
कॅम्पातल्या एखाद्याच्या नावे, ज्याची रजा
दोन वर्षांनी येते, किंवा येत नाही.
शुक्रवारी, जुम्म्याची नमाज सुटली की,
इब्राहिम वणूंच्या शिवणाच्या दुकानात,
कापड बेतायच्या टेबलावर.
सगळं उघडून बघायचं.
बघितलेलं कुठे बोलायचं नाही.

माझ्या हाती ताणकाटा आला.
पहिल्या दिवशी मान वर करवेना.
परक्या माणसाची पावडर, टॉर्च, झबली,
गुडघ्याचा पट्टा, चष्म्याची रिकामी फ्रेम
मी उलटसुलट करायची आणि तो समोर उभा,
कॉपी सापडलेल्या पोरासारखा.
वणूभाई म्हणाले, "बाय, नजर काट्यावर ठेवा.
काट्याला लाज नसते."

यल्लप्पा मेकलवार बिलोलीकडचा,
रुसैलच्या कॅम्पात राहायचा, परांच्या बांधायचा.
त्याच्या पुडक्यात खायचं-ल्यायचं काही नाही.
बिजागऱ्या. पितळी. सहा.
पुढच्या खेपेला कड्या, मग स्क्रूंचा डबा,
मग दोन नळ, एक मोरीचा, एक परसातला.
थेंबे थेंबे तळं साचतं म्हणतात,
याचं घर निघालं होतं दोन दोन किलोंनी,
कुणाच्या साड्यांत गुंडाळून,
कुणाच्या खजुरांखाली.
एकदा काटा एक आठशेवर थांबला.
"दोनशे ग्रॅम वाया जातेत की," म्हणाला,
आणि खिशातून मूठभर खिळे काढून टाकले.
खिळे तो जवळच बाळगत असावा.

मे महिन्यात माझी पाळी.
नणंदेचा बदामांचा डबा काढला,
त्याचं कुलूप घातलं.
माहेर परभणी, तिथून नांदेड तासाभरावर.
स्टेशनाबाहेर पुतण्या आला मोटरसायकलवरून,
मिसरूड फुटलेला.
कुलूप घेतलं, पिशवीत टाकलं.
मी विचारलं, बिजागऱ्या बसल्या का?
तो चाकाकडे बघत म्हणाला,
"कशाला बसवाव्या, मावशी? भिंतीच नाहीत.
पाया बी नाही. काका पाठवतेत,
आज्जी तेल लावून पेटीत ठिवती.
तिकडं सांगू नका."

नियमात बसत होतं.
परतीला माझं सामान चोवीस किलो भरलं.
काउंटरवरच्या मुलीने विचारलं, आणखी काही?
मी नाही म्हटलं.

जूनमधला शुक्रवार, रुवीत पंचेचाळीस.
डोंगर भाजल्या विटेसारखे.
शटर अर्धं खाली,
पंखा चिंध्या उडवतोय.
मेकलवार आला डोक्याला ओला रुमाल बांधून.
टेबलावर ठेवली दारावरची घंटा,
बटण, वायरचं वेटोळं.
मी आकडा दोनदा वाचला,
बोलायला लागू नये म्हणून.
तोच म्हणाला, "पोरगं बोललं असंल तुमाला."
मी वहीत बघितलं.
"भिंती काय, तिकडच्या मातीच्या तिकडंच होतेत.
त्या काय इमानात बसतेत?
वाजती का, तेवढं बघून द्या."

वणूभाईंनी शिवणयंत्राची पिन काढली,
घंटेची लावली.
दुकानभर चिमण्या.

मी मांडलं: घंटा एक, वायरसकट,
नऊशे ग्रॅम. अकराशे शिल्लक.
पुढच्याने घोंगडीएवढं ब्लँकेट टेबलावर आदळलं,
चार किलोंचं तरी असेल,
आणि माझ्याशी भांडायची तयारी केली.
त्याच्या मागचा एक जण मात्र
अजून शटरकडे बघत होता,
कोण आलं म्हणून.