कागदावर बर्फ

संघटनेच्या शिक्क्यात बर्फ आहे,
पावतीपुस्तकात आहे.
बाकी कुठंच नाही.
सांगलीच्या यार्डात, बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला लागून
सौदे बंद पडलेली एक शेड आहे.
तिची फरशी रविवारी सकाळी आम्हाला मिळते,
झाडून घ्यायच्या अटीवर.

झाडलं तरी हळद निघत नाही.
फटीफटीतून वर येते, चाकांना लागते, मोज्यांना लागते,
आणि पडलेलं पोर उठतं ते
लग्नातून पळून आल्यासारखं दिसतं.

चार संघ: मिरज, तासगाव, विटा, आष्टा.
पलूसचाही होता.
त्यांचा टेम्पो विकला गेला, त्यातून संघ गेला.
तक्त्यात पलूसची ओळ मी अजून आखतो.
खेळले शून्य, हरले शून्य.
दोन हंगाम झाले, अजिंक्य आहेत.

मी टाइमकीपर. पोटाला बर्फाचा कारखाना,
मिरजेत, तेवीस वर्षं.
डब्यातून लादी सुटतानाचा आवाज
झोपेतसुद्धा ओळखतो.
सावर्डेकर सर म्हणाले, "बर्फातलं तुम्हालाच कळतंय,
तुम्हीच या."
ती थट्टा होती की नेमणूक, अजून ठरलेलं नाही.

खेळायची चकती साखर कारखान्याच्या जुन्या पट्ट्यातून कापलेली.
विट्याचा कप्तान ओजस शिकलगार,
वडील गलाईला कोइमतूरला;
गोल झाला की तो प्रेक्षकांकडं नाही, मोबाइलकडं बघतो,
खांबाला बांधलेल्या.
तिकडं कुणीतरी हातातली मूस खाली ठेवत असेल.

आमची गोलकीपर तहसीन सतारमेकर.
वय तेरा. पायाचे पॅड
तंबोऱ्याच्या पेटीतल्या फोमचे.
स्टिक मोडली तेव्हा अब्बांनी सरस लावला,
वर तार गुंडाळली, घट्ट, स्वरात लावल्यासारखी.
तेव्हापासून तिनं अडवलेला प्रत्येक फटका
शेडभर जरा वेळ रेंगाळतो.
आष्ट्याच्या पोरांनी तक्रार केली:
आवाजानं लक्ष जातंय.
नियमावलीत आवाजाचं काही नव्हतं.

मग शिबिराचा फॉर्म आला. उत्तरेत कुठंतरी, जानेवारीत,
जिल्ह्यातून एक नाव.
रकाना नऊ:
बर्फावर खेळण्याचा अनुभव.
सरांनी पेन टेकवलं, उचललं.
तहसीन माझ्याकडं आली.
"काका, बर्फावर उभं राहता येतंय का ओ?"

तेवीस वर्षं मी बर्फ ओढला,
आकड्यानं, पोत्यानं, पाठीनं.
त्यावर उभं राहायचं सुचलं नव्हतं.

सोमवारी पहाटे मालक यायच्या आधी
आठ लाद्या लावल्या, कडेला कड.
तिनं चाकं नळाखाली धुतली, दोनदा.
चढली. एक पाय पुढं, दुसरा भलतीकडं,
बसली.
परत उठली.
मग काय झालं सांगता येत नाही,
ती काही फार सुंदर वगैरे घसरली नाही.
पण गुडघे वाकवून, स्टिक आडवी धरून
ती जिथं थांबली
तिथं गोल होता, हे मला दिसलं,
आणि समोर पलूसचा संघ,
सगळा, अकराच्या अकरा.

घड्याळ मी सवयीनं दाबलं होतं.
तीन मिनिटं वीस सेकंद.
मग रसवाल्याची गाडी दारात आली.

रकाना नऊमध्ये सरांनी तेवढंच लिहिलं.
अंक आधी, मग अक्षरी.
उत्तर अजून आलेलं नाही.

लाद्या उचलताना पाहिलं,
दोनदा धुवूनही चाकांनी ओढलेली
एक पिवळी रेघ, जेमतेम बोटभर.
पोत्यानं पुसली. गेली नाही.
स्टेशन रोडला त्या दुपारी
कुणाच्या तरी ग्लासात ती विरघळली असेल.
कुणी तक्रार केली नाही.

पुढच्या रविवारी विट्यानं आम्हाला चार-एकनं हरवलं.
चारही तिच्या डावीकडून.
पाचवा तिनं अडवला.
आवाज थांबेपर्यंत
मी शिट्टी तोंडात धरून उभा.