दुसरा खटका

भोईवाड्यात, औषधांच्या दुकानांच्या मागे
सात बाय नऊचा माझा गाळा. पाटी नाही.
ज्यांना यायचं ते येतातच,
जुन्या पेपरात कात्र्या गुंडाळून,
कुणी चिवड्याच्या डब्यात आख्खा सेट घेऊन.

शरीर मी शिकलो नाही. सातवीत शाळा सुटली.
पण छिन्नी कुठे बोथटली ते बघून सांगतो
हाड मांडीचं की जबड्याचं.
करवत एकाच अंगाने झिजली असेल
तर कापणारा डावरा.
म्हाताऱ्यांचं हाड धारेला त्रास देत नाही,
पोराटोरांचं देतं.
कात्रीच्या पात्याला डिंक लागलेला असेल
तर तिने कुणीतरी चिकटपट्टी कापली आहे
आणि दरवेळी नाव वॉर्डबॉयचंच येतं.

डॉक्टर ऋजुता वाघधरे पहिल्यांदा आल्या
तेव्हा मुठीत स्वतःचा नीडल होल्डर.
पालिकेच्या होल्डरात सुई फिरते, म्हणाल्या, काका,
टाका मी इथे घालते, पडतो तिथे.
नवा जर्मन अठरा हजारांचा.
स्टायपेंड तीन महिने अडकलेला.
मी त्याचा जबडा उघडला, आतली जाळी पुन्हा कोरली,
तीनशे सांगितले, दोनशे घेतले.
गॅरंटी किती?
म्हटलं, तुम्ही किती देता?
हसल्या नाहीत.
पायरी उतरताना हसल्या.

वर सातव्या मजल्यावर दीड कोटीचं मशीन आलंय.
नारळ फोडला तेव्हा मलाही पेढा मिळाला.
गणपतीत त्याचा एक सुटा भाग जळाला,
अजून चादर पांघरून आहे, सिंगापूरच्या माणसाची वाट बघत.
मी एकदा बघून आलो.
स्क्रू ओळखीचा एकही नव्हता.

मार्चमध्ये माझा हर्निया.
कमरेखाली भूल, छातीवर हिरवा पडदा,
पडद्यापलीकडे माझं पोट
मला सोडून सगळ्यांना दिसणारं.
वास स्पिरिटचा. कुणीतरी मॅचचा स्कोअर विचारला.
मग चिमट्याचा आवाज.
टिक्. पहिला खणखणीत.
दुसरा बोबडा.
मी ओळखला.
दिवाळीच्या घाईत, लाइट गेलेली असताना
तो खटका मीच घासला होता, अर्धामुर्धा,
आणि पैसे पूर्ण घेतले होते.

मॅडम, म्हटलं, तो दुसऱ्यावर सुटतो.
तिसऱ्यावर न्या.

सगळे गप्प. मॉनिटर तेवढा बोलत राहिला.
मोरजे सिस्टर म्हणाल्या, पेशंट बडबडतोय, भूल चढली वाटतं.
वाघधरे मॅडम काहीच बोलल्या नाहीत.
टिक्.
तिसरा.

घरी जाताना कागद मिळाला:
जाळी बाहेरून आणलेली, सहा हजार दोनशे,
हातमोजे चार जोड, धागा दोन पाकिटं.
चिमट्याचा त्यात रकाना नव्हता.

नवव्या दिवशी टाके निघाले. दहाव्या दिवशी
वॉर्डातला पोरगा पुडी टाकून गेला.
आत तोच चिमटा, मुठीला चिकटपट्टी,
त्यावर निळ्या पेनाने एवढंच: दुसरा.

मी नवी कानस काढली. सांधा उघडला.
आत केसाएवढी काळी रेघ,
वाफेतून, धुण्यातून वाचलेली.
कुणाची ते विचारायला कुणाकडे जाणार.
चष्मा पुसला,
घासायला वाकलो
तर जांघेत ओढ बसली.