रात्रपाळी

हावुकोस्कीत आता लाकडं फारसं कुणी फोडत नाही.
नदीपलीकडे, जुन्या कागद गिरणीच्या जागी
खिडक्या नसलेली एक इमारत आहे.
तिथं जगाचे प्रश्न येतात, यंत्रं तापतात,
आणि ते तापणं पाण्यात उतरून
नळांवाटे गावभर फिरतं.
म्हणजे कुठं कुणी
बाळाचा ताप उतरेना म्हणून औषध विचारतं,
कुणी भांडणानंतर माफीचं पत्र लिहून मागतं,
आणि इकडं इर्मेलीबाईंच्या खिडकीखालचा
लोखंडी रेडिएटर चुलीच्या कडेसारखा होतो.
कुणाच्या काळजीवर कुणाचे मोजे वाळतात.

इर्मेलीबाई एक्क्याऐंशीच्या.
पंधरा वर्षं टेलिफोन एक्स्चेंजला रात्रपाळी केली.
दोरी भोकात खोवायची, दिवा विझला की काढायची.
ऐकायचं नाही, असा नियम होता.
ऐकू यायचंच.
खाटीक कुणाला फोन करतो,
बोटीवर गेलेला कुणाचा मुलगा
कुठल्या बंदरातून पैसे मागतो,
सगळं पोटात ठेवलं.

म्हणून रेडिएटरपाशीही बोर्डापाशी बसल्यासारख्याच बसतात,
तळहात टेकवून.
संध्याकाळी चढायची ऊब, मध्यरात्री रेंगाळायची,
पहाटे तीन-साडेतीनला जराशी निवायची.
झोपलं, म्हणायच्या,
निदान आपल्या बाजूचं जग.
मग त्याही आडव्या व्हायच्या.

या हिवाळ्यात ती निवेचना.
तीनला तेवढीच. पाचला तेवढीच.
नाताळच्या रात्री, रस्त्यावर चिटपाखरू नसताना,
तेवढीच.
थर्मामीटर सुतळीनं बांधून
बाईंनी वहीत आकडे मांडले. बावीस रात्री.
सगळे एका रेषेत, शिस्तीत उभे.

नळवाला वेइक्को आला, तेव्हा वही पुढे केली.
कोण जागं असतं रे एवढं?
त्यानं टोपी काढून कान खाजवला.
माणसं नाहीत, बाई.
आता यंत्रच यंत्राला विचारतं.
तुमच्यासाठी तिकीट शोधणारं एक,
तिकीट विकणारं दुसरं,
दोघांवर नजर ठेवणारं तिसरं.
माणूस एकदा काय ते सांगतो नि झोपतो.
बोलणं चालू राहतं.

मधे श्वास घेत नाहीत?

नाही.

मग बोलणं संपलं, हे कळतं कसं?

पाइप तर ठीक आहेत, वेइक्को म्हणाला.

त्या रात्री बाईंनी नातीनं दिलेला टॅब्लेट उघडला.
चष्मा दोनदा पुसून, एका बोटानं लिहिलं:
अडुसष्ट सालच्या फेब्रुवारीत, सात नंबरच्या लाइनवर
एक बाई काहीही न बोलता चाळीस मिनिटं होती.
पलीकडचाही बोलला नाही.
मागे कॉल थांबले होते, तरी मी दोरी काढली नाही.
बरोबर केलं का?

उत्तर लगेच आलं.
चांगलं होतं, सभ्य, पाच मुद्द्यांचं.
बाईंनी दुसऱ्या मुद्द्यावर सोडलं.
रेडिएटरवर हात ठेवून
आपला प्रश्न नदी ओलांडून परत यायला
किती वेळ लागेल, याचा हिशेब करत राहिल्या.

आत काहीतरी गुडगुडलं.

हवा असणार. धरते कधीकधी.
खणातली किल्ली काढली, खाली बशी धरली,
अर्धा फेरा दिला.
फुस्स करून एक लांबलचक उसासा,
मग काळं, कोमट पाणी,
चमचाभर.

बशी तशीच हातात धरून बसल्या.
ओतायची कुठं, ते सुचेना.