फिरंग्याचा डगला

फोंड्याच्या जुन्या बाजारात, लॉटरीच्या टपरीला लागून
माझं शिलाईचं दुकान.
एकोणीस वर्षं दोन्ही सैन्यांचे कपडे मीच शिवतो.
लढाई डिसेंबरात, फर्मागुढीच्या पठारावर,
दुसऱ्या रविवारी, जेवणं आटोपल्यावर.

सुरुवातीला सगळंच चालायचं.
दशावताराच्या पेटीतला झगा, पडद्याची साटिन,
तलवारीवर सिगारेटच्या पाकिटातली चांदी.
एकदा मावळ्याच्या पायात रबरी चपला होत्या,
गड तरीही राखला गेला.

मग पोरं वाचून येऊ लागली.
काका, ही मशीनची टीप दिसतेय.
काका, हा निळा तेव्हा नव्हता.
बटण शिंगाचं हवं, नाडी हातवळणीची.
मी चष्म्याचा नंबर वाढवून घेतला
आणि काखेतली शिवण हातानं घालायला शिकलो
पंचावन्नाव्या वर्षी.
खोटं कशाला बोलू, आवडलं मला ते.

आता दारूचा परवाना मिळत नाही,
तोफ स्पीकरमधून वाजते.
वर ड्रोन फिरतं, त्याच्यासाठी
जखमींनी कुठं पडायचं ते चुन्यानं आखतात.
मुलीही लढतात. काजळाच्या मिशा घामानं ओघळतात
तरी मागे सरत नाहीत.
पण यंदा मापं घेतली तेव्हा
एकेचाळीस मावळे,
आणि फिरंगी एकही नाही.

फिरंगी म्हणजे आमचा बॉस्त्यांव.
कुर्टीचा पोदेर. पहाटे पाव, दुपारी कप्तान.
काळा मखमली डगला, गळ्याला खळ घातलेली चुणीदार पट्टी,
साडेचारच्या सुमारास काजूच्या झाडाखाली
तो असा मरायचा की लोक आधी गप्प होत
आणि मग शिट्ट्या मारत.
उठून मला विचारायचा, "कसो मेलों?"
आणि आमच्यातच बसून चहा प्यायचा.

मागच्या वर्षी कुणीतरी दगड मारला.
लहानच होता. कपाळावर तीन टाके.
तो हसला, "तुजेपरस दोतोर बारीक शिंवता."
मार्चमध्ये लेकीकडे गेला, लेस्टरला.
जाताना डगला घडी करून देऊन गेला.
खिशात पावाचा चुरा.
तसा खिसा त्या काळी नसायचा,
मीच चोरून लावला होता, त्याच्या विडीसाठी.

पोरांना म्हटलं, कोण घालतो?
सगळे मोबाइलमध्ये पाहू लागले.
एक म्हणाला, काका, फोटो फिरतात, घरचे विचारतात.
दुसरा म्हणाला, शत्रू दाखवायलाच कशाला हवा?
आपण नुसतं जिंकू.

परवा तन्वेश आला, इंजिनिअरिंगचा.
शटर अर्धं खाली ओढलं होतं.
मला फिरंग्यांकडून उभं राहायचंय, म्हणाला.
मी डगला काढला. त्यानं हात लावला नाही.
कप्तान नको. त्यांची ओझी कुणी वाहिली, काका?
हमाल काय लिस्बनहून आणले?
आपलेच असणार. बार्देशातले, साष्टीतले.
एकजण ओझं घेऊन चढेल
आणि पळेल, नाहीतर मरेल, ते अजून ठरलं नाही.
त्याचे कपडे शिवा.

मी कानावरची पेन्सिल काढली,
परत ठेवली.
माझा आजा धक्क्यावर मिठाच्या गोणी उचलायचा.
काष्टी नेसायचा, आणि खांद्यावर दुमडलेलं गोणपाट.
त्यात शिवायला काहीच नसतं रे, म्हटलं,
शिलाई कसली घेऊ?

तो जायला निघाला. शटरखालून वाकता वाकता म्हणाला,
नेसायची कशी, ते शिकवाल?

डगला खुंटीलाच आहे.
खिशातला चुरा मुंग्या नेतायत,
एकेक कण, स्वतःपेक्षा मोठा,
भिंतीवरून, रांगेनं.